प्रभु अजून बसला नाही

आमची दोड्डव्वा, म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण काशम्मा, सोलापूरजवळ कुंभारीला राहते आणि कडक भाकरी करून विकते. आमच्या घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं, आणि भांडताना दोन्ही. दोड्डव्वा मात्र भांडत नाही. ती थापते. कुणाचा राग आला की त्या दिवशीची भाकरी पापडासारखी पातळ उतरते, आणि सोलापुरातले दुकानदार खूश होतात. नवरा गुरुबसप्पा गेल्यावर त्या परातीवर तिनं दोन पोरं मोठी केली. थोरला महेश्वर, आणि धाकटा प्रभु. प्रभु दुबईला एसी दुरुस्त करायचा.

मी दानेश्वरी. सोलापुरात ब्यूटी पार्लर चालवते. दिवसभर लोकांच्या भुवया कोरते आणि माझी स्वतःची जरा लवकर चढते, असं आमचे यजमान म्हणतात. चढते. ज्या घरात सगळेच गप्प बसून सगळं निभावून नेतात, तिथं एकीची तरी चढायला हवी.

प्रभु दोन हजार वीसच्या जूनमध्ये गेला. कोरोनानं, तिकडेच. विमानं बंद होती, माणसं घराबाहेर पडत नव्हती, तिथं मेलेलं माणूस कोण आणणार? फोन आला तो सयाजीचा. सयाजी करकंबचा, शेतकऱ्याचं पोर, प्रभुचा खोलीतला जोडीदार. एका कंपनीत, एका खोलीत, एका पातेल्यात जेवणारे दोघं. फोनवर तो लहान मुलासारखा रडत होता. "काकू, मी सोता सगळं केलं," तो म्हणाला. "कायसुदिक कमी पडू दिलं न्हाय. त्याच्या गळ्यातलं लिंग बी काढू दिलं न्हाय कुणाला. त्याच्यासंगच गेलं."

ते लिंगाचं ऐकून दोड्डव्वाचा जीव थोडा खाली बसला. लिंग सोबत गेलं म्हणजे पोरानं सगळं रीतसर केलं. आणखी काही विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आमच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला मातीत बसवतात. निजवत नाहीत, बसवतात. अंगाला विभूती लावून, मांडी घालून, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. जन्मभर पळापळ केलेला माणूस शेवटी एकदाचा निवांत बसला, असं म्हणतात आमच्याकडे. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. आता वाटत नाही. उलट पार्लरमध्ये दहा तास उभी राहून पाय सुजले की वाटतं, बरं आहे, पुढं बसायला तरी मिळणार आहे.

प्रभु गेला त्या वर्षीच्या दिवाळीनंतर दोड्डव्वाला तो दिसायला लागला.

रोज नाही. पण दिसायचा तो दिवेलागणीलाच. ती देवापुढं दिवा लावून वळली की स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा. अंगात कंपनीचा निळा शर्ट. काही बोलत नाही, मागत नाही. नुसता तिच्याकडे बघतो. आणि गुडघ्यापर्यंत ओला. "फरशीवर थेंब न्हाय बग," ती मला म्हणाली, "पर विजार बगशील तर पिळून काडावी आशी." पहिल्यांदा ती घाबरली. मग तिनं पाट मांडला आणि म्हणाली, बस. तो बसला नाही. मग खुर्ची ठेवून बघितली. मग स्वतः खाली बसून मांडीवर हात आपटून बोलावलं, लहानपणी बोलवायची तसं. तो उभाच.

"दाने, माझं पोर आजून बसलंच न्हाय गं," ती म्हणायची. "कायतरी चुकलंया तितं. त्येनी निजवला आसंल त्याला. परक्या मुलकात काय म्हाईत त्येंना."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण आईच्या डोळ्यांवर आहे. तिला तो दिसतो म्हणजे तिला तो दिसतो, मग जगाला दिसो न दिसो. मी एकदा मुद्दाम दिवेलागणीला तिच्याकडे जाऊन बसले. मला काहीच दिसलं नाही. पण ती दिवा लावून वळली आणि चौकटीकडे बघून तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मी उठले आणि शेजारच्या खोलीतही दिवा लावला.

तिचं एकच म्हणणं होतं, मला एकदा त्याच्या मातीपाशी न्या. मी तिथं बसेन, विभूती वाहीन, त्याच्याशी बोलेन आणि त्याला बसवून येईन. बाकी मला काही नको. आणि महेश्वरचं एकच म्हणणं होतं, नको. "तितं काय बगायचं हाय, अव्वा? वाळू हाय नुस्ती." कधी तिचा रक्तदाब काढायचा, कधी विमानाची भीती घालायचा. मला वाटायचं, खर्चाला मागं सरतोय. मी त्याला तोंडावर तसं बोललेही. तो गप्प बसला. तो गप्प बसला की मला आणखी चेव येतो.

शेवटी सयाजीनंच सगळं जमवलं. व्हिसा, तिकीट, एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे राहायची सोय. दोड्डव्वाचा पासपोर्ट नवा काढला; घरात आधीपासून मीच तेवढा काढून ठेवलेला, कारण लग्नात आमच्या यजमानांनी सिंगापूर कबूल केलं होतं. सिंगापूर अजून यायचंय. गेल्या जानेवारीत मी आणि दोड्डव्वा दुबईला गेलो. तिच्या पिशवीत सयाजीसाठी भाकरीची चळत, शेंगाचटणी, आणि मठातून आणलेला विभूतीचा गोळा. विमानात तिनं एकदाच विचारलं, आपण आत्ता कशावर आहोत. मी म्हटलं, समुद्रावर. ती म्हणाली, मग नको बघायला, आणि खिडकीची झडप ओढून घेतली.

सयाजीला मी पहिल्यांदाच बघत होते. चाळिशीचा, केस पिकलेले, हात एसीच्या पत्र्यांनी कापलेले. विमानतळावर तो दोड्डव्वाच्या पायाशी वाकला तो उठेचना. पाच वर्षांत तो दोनदा करकंबला येऊन गेला होता, पण कुंभारीला आला नव्हता. "तोंड दाखवायचं धाडस झालं न्हाय, काकू," म्हणाला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मला तो मनापासून आवडला. हे सांगून ठेवते, कारण पुढं मला त्याचा गळा दाबावासा वाटला होता.

रविवारी त्याला सुट्टी. म्हणाला, संध्याकाळी नेतो, ऊन उतरल्यावर, काकूंना चालवंल. दोड्डव्वा दुपारपासूनच तयार होऊन बसली. हिरवं इरकल नेसली, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे ओढले, गोळा कमरेच्या पिशवीत घेतला. लेकाकडे जेवायला निघाल्यासारखी.

टॅक्सीनं आम्हाला दुबईच्या खाडीवर सोडलं. मला वाटलं, आधी थोडं फिरवतोय. खाडीच्या कडेनं रुंद फरसबंद रस्ता, लोखंडी कठडा, आणि पाण्यात लाकडी गलबतं एकाला एक बांधलेली. त्यांच्यावर फ्रीज, गाद्या, टायर, कांद्याच्या गोणी. माणसांच्या छोट्या होड्या या काठावरून त्या काठावर टकटक करत जात होत्या. सगळ्या जगातली माणसं तिथं संध्याकाळचं फिरायला आलेली, कोण पोरांना खांद्यावर घेऊन, कोण मोबाइलसमोर हसत. घरच्यांशी व्हिडिओवर बोलणारे तर किती तरी. 'बघ, इथं मी किती मजेत आहे' हे सांगणारा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. पलीकडच्या काठावरच्या घरांमागं सूर्य उतरायला लागला होता आणि पाणी तांबूस झालं होतं.

दोड्डव्वाला यातलं काही दिसत नव्हतं. ती भराभरा चालत होती. "आजून किती लांब हाय रे?" तिनं विचारलं.

"हितंच की, काकू. आलंच."

मी इकडे-तिकडे बघत होते. कुठं भिंत दिसेना, कुठं फाटक दिसेना. पाणी, गलबतं आणि माणसं, एवढंच. सयाजीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत झेंडूची फुलं होती. एका जागी कठडा तुटून दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. तिथं तो थांबला आणि त्यानं चपला काढल्या.

"हितं, काकू."

दोड्डव्वानं पायऱ्या बघितल्या. पाणी बघितलं. मग मागं वळून रस्त्यापलीकडच्या इमारतींकडं बघितलं, तिथं कुठं जमीन आहे का. "काय हितं?" ती म्हणाली.

सयाजी सांगायला लागला. पाच वर्षं मनात घोळवलेलं असणार, कारण कुठंही अडखळला नाही. हिंदूंची जाळायची जागा शहराबाहेर लांब आहे. तेव्हा कुणाला जवळ सोडत नव्हते. यानं साहेबांच्या पाया पडून परवानगी मिळवली, कोरोनाचा तो प्लास्टिकचा अंगरखा घालून एकटा उभा राहिला. भट्टीचं बटण दाबायच्या आधी त्यानं मोठ्यानं नाव घेतलं, 'प्रभु गुरुबसप्पा, कुंभारी', म्हणजे देवाच्या घरी गोंधळ नको. मग अस्थी आणल्या. त्या उशाशी ठेवून झोपला. बंदी उठल्यावर एका संध्याकाळी या पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात उतरून, कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं त्या सोडल्या.

"गंगा न्हाय मिळाली, पर समिंदराला मिळाला," तो म्हणाला. "दर साली त्याच्या तिथीला मी हितं भात ठिवतो, काकू. ती पांढरी पाखरं हायत न्हवं, ती लगीच शिवत्यात. एकदाबी थांबाय लावलं न्हाय त्यानं मला. काय इच्छा राहिली नव्हती बगा त्याची."

माझ्या कानात नुसतं घुमत होतं. जाळला. आमच्या प्रभुला जाळला, आणि पाण्यात सोडला, आणि वर पिंड ठेवतोय, पाखरं शिवतायत! आणि त्याच क्षणी मला महेश्वर कळला. त्याला ठाऊक होतं. कंपनीशी बोलणारा तोच होता. पाच वर्षं 'वाळू हाय नुस्ती' म्हणत तो आईला याच पायऱ्यांपासून लांब ठेवत होता. आणि मी त्याला कंजूस म्हणाले होते. पण तो राग नंतरचा. त्या घटकेला माझा सगळा राग समोरच्या माणसावर होता. अरे, एकदा विचारायचं होतंस! एक फोन! नाव घ्यायला आठवलं, गळ्यातलं लिंग बघितलंस, त्या लिंगाचा अर्थ कुणाला तरी विचारायचा होतास!

पण तो का विचारेल? त्याच्या करकंबात माणूस मेला की जाळतात. मावळलेल्या सूर्याचं काय होतं हे जसं कुणी विचारत नाही, तसंच ते. आणि आम्ही तरी कुठं विचारलं?

दोड्डव्वा पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होती आणि तिची नजर सयाजीच्या विजारीकडे होती. गुडघ्याकडे. मला तिच्या मनातलं वाचता आलं. प्रभुही तिला गुडघ्यापर्यंतच ओला दिसायचा.

सयाजी फुलं सोडायला खाली उतरला, वर आला, आणि चपला पायात न घालताच म्हणाला, "काकू, एक बोलू का? येड्यात काडू नका."

"बोल."

"त्यो मला दिसतो."

मशिदीची बांग सुरू झाली. आधी या काठावर, मग त्या. सयाजी ती संपेपर्यंत थांबला.

"हितंच. या पायरीच्या वर. दिवस बुडायच्या वक्ताला. निळा शर्ट आसतो. नुस्ता उबा आसतो वो काकू. मी रविवारी येतो, ह्या बाकड्यावर बसतो, म्हनतो, ये की गड्या, बस घटकाभर. बसतच न्हाय. आता मीबी बसायचं सोडलंय. त्यो उबा आन मी बसलेला, बरं दिसत न्हाय." तो दोड्डव्वाकडं वळला. "पाखरं शिवत्यात, मग ह्यो उबा का? माजं काय चुकलं का वो काकू? काय राहिलं का माज्याकडनं? तुमी आई हाय. तुमास्नी म्हाईत आसंल."

मी तोंड उघडलं. खरं सांगते, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. हो, चुकलं. त्याला बसवायचं होतं आणि तू जाळलास, म्हणून उभा आहे तो. पाच वर्षं माझी मावशी त्याच्यापुढं पाट मांडतेय. पण दोड्डव्वानं माझं मनगट धरलं. भाकरी थापणारा हात आहे तो. दोन दिवस वळ राहिला होता.

"न्हाय रे लेकरा," ती म्हणाली. "तुजं काय चुकंल? त्यो ल्हानपनापास्नं तसलाच. एका जागी बूड टेकलं तर शपत. जेवायला बस म्हनलं की उब्या उब्या भाकरी मोडायचा. मास्तर बाकावर उबा करायचं, तर ह्येला शिक्शा वाटायचीच न्हाय." आणि ती चक्क हसली. "तुला बगाय येतो त्यो. जोडीदार म्हनून येतो. भिऊ नगं."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. प्रभु इतका बैठा मुलगा होता की एकदा उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसला की त्याला ओलांडून जावं लागायचं.

सयाजीचे खांदे एकदम खाली आले आणि तो त्या बाकड्यावर बसला. दोन्ही हातांत तोंड घेऊन खूप वेळ रडला. येणारे-जाणारे बघत होते आणि न बघितल्यासारखं करून जात होते. परमुलखात एखादा असा रडत बसलेला दिसणं तिथं नवं नसावं. दोड्डव्वानं पिशवीतून विभूतीचा गोळा काढला, बोटं घासली आणि त्याच्या कपाळावर आडवे पट्टे ओढले. उरलेला गोळा तिनं पिशवीत परत ठेवला नाही. त्याच्याच खिशात घातला.

मग ती एकटीच पायऱ्यांपाशी गेली. सूर्य बुडून गेला होता, पाण्यावर दिव्यांच्या रेघा उमटल्या होत्या. पहिल्या पायरीच्या वर, जिथं कुणीच नव्हतं, तिथं बघून ती हळूच म्हणाली, "कुंद्रो मगा." बस रे बाळा. घरी म्हणायची तसंच. ती थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, दुसरं काही बघायची माझी छाती नव्हती. तिची नजर कुठं खाली गेली नाही. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी वरच राहिली.

"काय म्हनला वो, काकू?" सयाजीनं डोळे पुसत विचारलं. त्याला कानडी येत नाही.

"म्हनलं, सयाजी हाय तुज्याजवळ."

तो उठला, म्हणाला, चहा आणतो, इथला चहा घट्ट असतो, तुम्हाला आवडेल. तो टपरीकडं वळला तसा मी तिचा हात धरला. "का खोटं बोललीस? प्रभुचं काय आता? तू त्याला बसवायला आली होतीस ना?"

"सांगून काय झालं आसतं? ह्यो बी उबा ऱ्हायला आसता जलमभर. एक पुरं की." ती पाण्याकडे बघत होती. "हितं मातीच न्हाय, दाने. कशात बसंल त्यो?"

मला रडू फुटलं. तिला नाही.

"तू ऐक," ती म्हणाली. "महेश्वर ऐकायचा न्हाय म्हनून तुला सांगती. मी गेल्यावर मला बसवू नगासा. जाळा."

"दोड्डव्वा!"

"जाळा, आन हितं आनून सोडा. ह्याच पायरीवर. त्यो पान्यात उबा आसताना मी कुंभारीला मातीत निवांत बसू व्हय? आई हाय का कोन हाय मी?"

आमच्या अख्ख्या भावकीत आजवर कुणी जळालेलं नाही. हे करायला निघाले तर मठातले स्वामी येणार नाहीत, भाऊबंद उंबऱ्याला पाय लावणार नाहीत, आणि महेश्वर आयुष्यात माझं तोंड बघणार नाही. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी एवढंच म्हटलं, "आणि गुरुबसप्पा आप्पांच्या शेजारची जागा? ती तर तू राखून ठेवली आहेस."

"ती महेश्वरला हुईल," ती म्हणाली. म्हणजे महेश्वरला सगळं ठाऊक होतं, हे तिलाही कळलं होतं. "व्हय म्हन. त्यो च्या घिऊन यायच्या आत म्हन."

सयाजी तीन कागदी कप सांभाळत गर्दीतून येत होता. कपाळावर पांढरे पट्टे, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच झोप लागणार आहे असा चेहरा.

मी हो म्हटलं.

दोड्डव्वा परत आली, महेश्वरला एका शब्दानं बोलली नाही, आणि दुसऱ्याच दिवशी परातीपुढं बसली. तब्येत ठीक आहे. तिला तो अजून दिसतो. पाट मात्र ती आता मांडत नाही. मी यातलं घरी कुणाला सांगितलेलं नाही, यजमानांनाही नाही. फक्त दिवेलागणीला कुंभारीहून फोन आला की मी उठून उभी राहते, आणि पलीकडून तिचाच आवाज ऐकू येईपर्यंत मला खुर्चीत बसवत नाही.